सुचानचं विष-अमृत: एका पोराचे तीन सिनेमे

विष-अमृत आपल्याकडे गल्लोगल्ली खेळलं गेलंय. ज्याच्यावर राज्य असेल त्याने हात लावून ‘विष’ म्हटलं की जागच्या जागी थिजायचं. आपल्यातलं कोणी धावत येऊन ‘अमृत’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. रशियन पोरांचाही याच्याच कुळातला एक खेळ आहे. त्यातल्या हुकमांवरून रशियन दिग्दर्शक विताली कानेव्स्कीने आपल्या सिनेमाला नाव दिलं ‘ज़मरी, उमरी, वस्क्रेस्नी’. थिज, मर, पुन्हा जिवंत हो. जगभरच्या महोत्सवांत तो ‘फ्रीझ डाय कम टू लाइफ’ या नावाने फिरला. निर्मिती लेनिनग्रादच्या लेनफिल्म स्टुडिओची, साल १९८९, कृष्णधवल, लांबी १०५ मिनिटं.

‘तुरुंगातल्या मुलाचा सिनेमा’ असं ऐकून बसलात तर पहिला अर्धा तास चुकल्यासारखं वाटेल. मुलगा तर मोकाट आहे. बाजारात हिंडतो, शाळेला दांडी मारतो, आईच्या शिव्या खातो. मग तुरुंग कुठाय? उत्तर हळूहळू मिळतं. तुरुंग म्हणजे ते गावच. आणि ज्यांना गज-कुलपांचा खरा तुरुंगच पाहायचा आहे, त्यांच्यासाठी कानेव्स्कीने पुढे आणखी एक सिनेमा केला. त्यात गजांमागे तोच पोरगा बसलाय, पण आता तो अभिनय करत नाहीये. म्हणून हे परीक्षण एका सिनेमाचं नाही, तिघांचं आहे. तिघांना सारखा वेळ मात्र मिळणार नाही, कारण तिघांची तेवढी लायकी नाही.

आधी गाव. सुचान हे रशियाच्या अतिपूर्वेला, व्लादिवोस्तोकच्याही पूर्वेकडचं कोळशाच्या खाणींचं ठिकाण. नकाशात शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण १९७२ मध्ये त्या भागातली चिनी वळणाची नावं सरसकट बदलली तेव्हा सुचानचं पार्तिझान्स्क झालं. सिनेमातलं साल १९४७. महायुद्ध संपून दोन वर्षं झालीत, पण इथे शांतता आल्याची खूण म्हणून काही नाही. धान्याला रेशन आहे, आदल्या वर्षीच्या दुष्काळाची झळ सरलेली नाही. लाकडी बराकींत एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबलंय. त्यातच १९४५ मध्ये पकडलेले जपानी सैनिक. सोव्हिएत ताब्यात असे जवळपास सहा लाख युद्धकैदी आले आणि अतिपूर्वेपासून सैबेरियापर्यंत जंगलतोड, खाणी, रस्ते यांना जुंपले गेले. शिवाय स्वतःच्याच देशाने आत टाकलेले रशियन कैदी. आणि या सगळ्यांच्या शेजारी, त्याच चिखलात, त्याच थंडीत, कागदोपत्री ‘मोकळी’ असलेली माणसं. तारेच्या आत कोण आणि बाहेर कोण हे कपड्यांवरून ओळखू येत नाही. बंदूक कोणाच्या खांद्यावर आहे ते बघावं लागतं.

कानेव्स्कीचा जन्म याच सुचानचा, १९३५चा. म्हणजे १९४७ मध्ये तो बारा वर्षांचा होता, पडद्यावरच्या वालेर्काएवढाच. पुढे तो मॉस्कोच्या ‘व्हीगीक’ या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत गेला, शिक्षण अर्ध्यावर असतानाच तुरुंगात गेला, आठ वर्षं आत काढली, १९७४ मध्ये सुटला आणि राहिलेली पदवी नंतर पुरी केली. हा सिनेमा त्याच्या हातून झाला तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. लेनफिल्ममध्ये दिग्दर्शक अलेक्सेई गेर्मानने नवख्यांसाठी चालवलेल्या विभागाने त्याला दार उघडलं. १९९० मध्ये कान महोत्सवात ‘कॅमेरा दॉर’, म्हणजे पदार्पणाच्या सिनेमाचा पुरस्कार, चोपन्न वर्षांच्या या गृहस्थाला मिळाला. त्याच वर्षी पावेल लुंगीन या दुसऱ्या सोव्हिएत दिग्दर्शकालाही तिथे दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. सोव्हिएत संघ मोडकळीला आला होता आणि त्याची कपाटं एकामागून एक उघडत होती, तो हा काळ.

चरित्र एवढ्यासाठी सांगितलं की सिनेमाची सुरुवात त्याशिवाय कळत नाही. पहिली प्रतिमा यायच्या आधी ऐकू येतो खुद्द दिग्दर्शकाचा आवाज. तो आपल्या माणसांना सुरुवात करायला सांगतोय. कथा सुरू होते ती ‘हे मी मुद्दाम उभं केलंय’ अशी कबुली देऊन. हा आवाज शेवटी परत येतो, अगदी असह्य क्षणी, आणि कॅमेरा कुठे वळवायचा ते सांगतो. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, तेव्हा प्रेक्षागृहात जे होतं ते आठवा. इथे धक्का उलट्या दिशेने बसतो. दगड फेकणारा पडद्याच्या अलीकडे, आपल्याच बाजूला बसलेला असतो. म्हणून पहिलं अर्धं मिनिट चुकवू नका. चालू असलेल्या सिनेमात अंधारात खुर्ची चाचपडत शिरणाऱ्यांना शेवट हमखास कळत नाही, आणि मग ‘दिग्दर्शक भरकटलाय’ असं मत घेऊन ते बाहेर पडतात.

वालेर्का (पावेल नाझारोव) आणि गालिया (दिनारा द्रुकारोवा) बाजारात गरम चहा विकतात. दोघं एकाच बाजारात, म्हणजे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. वालेर्का तिच्या चहाची खुशाल बदनामी करतो, स्वतःच्या चहाचं ओरडून कौतुक करतो. ती चिडते, पण त्याच्यासारखी घसरत नाही. या दोन-चार मिनिटांत दोघांचा स्वभाव बांधून होतो. वालेर्काला तोंड आहे, धंद्याची नड आहे आणि लाज अजून यायची आहे. गालियाकडे हिशेब आहे. त्याने काय केलं की त्याचं काय होणार, हे तिला त्याच्याआधी कळतं, आणि सिनेमाभर हे असंच चालतं.

चहाच्या पैशातून तो बर्फावरचे स्केट्स घेतो. मोठी पोरं ते लंपास करतात. गालियाच्या डोक्याने दोघं मिळून ते परत उडवून आणतात. (जाता जाता: रोख पैसे साठवून ठेवण्यापेक्षा त्याने स्केट्स घेतले हे व्यवहाराला धरूनच झालं म्हणायचं. १९४७च्या डिसेंबरात सरकारने चलन बदललं, आणि घरात ठेवलेल्या रोख दहा जुन्या रूबलांना एक नवा मिळाला. सिनेमात हे येत नाही.)

मग यीस्टचा प्रकार. वालेर्का शाळेच्या संडासाच्या खड्ड्यात यीस्ट टाकतो आणि मैला उसळून बाहेर येतो. रशियात हा खोडसाळपणा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपल्या वाचकांना मात्र तो अतिशयोक्तीचा वाटतो, म्हणून थोडं विस्ताराने. उन्हाळ्यात रात्री डब्यात काठोकाठ घातलेलं इडलीचं पीठ सकाळी ओट्यावर आलेलं असतं, तेच तत्त्व. यीस्टला ओलावा, खाद्य आणि ऊब मिळाली की ते वायू सोडतं. दाटसर लगद्यात तो वायू अडकतो आणि लगदा फुगतो. खड्डा जितका भरलेला, तितकं लवकर वर येतं. कडक थंडीत, गोठलेल्या खड्ड्यात हा उद्योग फसतो. आणि ज्या गावात पोटाला भाकर नाही तिथे पोराने पाव फुगवायची चीज संडासात ओतावी, हा त्या खोडीतला खरा माज आणि हीच खरी विटंबना. प्रेक्षक हसतात. मग शाळा चौकशी लावते, आई हातापाया पडते, पोराला काढून टाकतात, आणि आपण नक्की कशाला हसलो असा प्रश्न पडतो. कानेव्स्कीची विनोदाची पद्धत सगळीकडे हीच आहे. हसू येऊ द्यायचं, आणि मग त्याचं बिल आणून समोर ठेवायचं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा प्रसंग मॉस्कोहून इकडे येऊन पडलेल्या विद्वान गृहस्थाचा. डोकं फिरलेलं. त्याला पीठ मिळतं. ते तो चिखलात कालवतो आणि खातो. कॅमेरा जवळ जातो, पण आपल्याकडून कळवळा वसूल करायला थांबत नाही. पीठ, पाणी, माती, बोटं. एवढंच. संगीताने इथे गळा काढला असता तर प्रसंग मेला असता. सेर्गेई बानेविचचं संगीत अशा जागी गप्प बसतं, हा त्याचा मोठेपणा. सिनेमाच्या कानात राहतात ती गाणीसुद्धा त्याची नाहीत, पात्रांची आहेत. आईच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडची खेडवळ, बऱ्याचदा अश्लील कवनं, आणि जपानी कैद्यांची घरची आठवण काढणारी गाणी. सबटायटल्स या गाण्यांपाशी दगा देतात. जपानी शब्द बहुधा तसेच सोडलेले असतात. त्याने फारसं बिघडत नाही, कारण सुचानच्या पोरांनाही ते कळत नव्हते. पण रशियन शिव्या आणि कवनं सौम्य करून छापलेली असतात, त्याने मात्र बिघडतं. सबटायटलवरची आई करवादणारी बाई वाटते. प्रत्यक्षात ती ओव्या म्हणाव्यात तशा लयीत शिव्या घालते, आणि मायाही त्याच लयीत करते. येलेना पोपोवाचं काम पाहताना वाचणं कमी करा, ऐकणं वाढवा.

बालपण आणि आई म्हटलं की मराठी प्रेक्षकाच्या मनात साने गुरुजींचा श्याम उभा राहतो. ते माप इथे लावू नका. वालेर्काची आई एकटी आहे, दमलेली आहे, तिच्या आयुष्यात पुरुष येतो-जातो. पोराला ‘संस्कार’ द्यायला तिच्याकडे सवडही नाही आणि स्वतःजवळ शिल्लकही नाही. तरी पोरगं शाळेतून निघालं तेव्हा जी धावाधाव करते ती हीच.

आता गोष्टीचा सांधा, आणि इथे शब्दशः सांधा. वालेर्का रेल्वेचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी, फिरवतो आणि गाडी रुळांवरून घसरते. सांध्याची हलणारी पात मूळ रुळाला घट्ट चिकटलेली नसली की चाकाची कड त्या फटीत शिरते. एक चाक एका मार्गाने ओढलं जातं, दुसरं दुसऱ्या, आणि मग ब्रेकने काही होत नाही. सांधेवाल्याच्या सगळ्या नोकरीचं सार या बोटभर फटीत असतं. पोराला हे असं ठाऊक नाही. त्याला फक्त हाताशी आलेला खटका दिसतो. म्हणून नंतर त्याच्या तोंडावर जी भीती दिसते ती गुन्हेगाराची नाही. आपण हलवलेल्या वस्तूएवढे आपण मोठे नाही, हे कळल्याची ती भीती आहे. मोठं होणं म्हणजे काय, हे या सिनेमात कुठे दिसत असेल तर या एका चेहऱ्यात.

तो पळतो. आजचा प्रेक्षक म्हणतो, बारा वर्षांचं पोर, फार तर सुधारगृहात टाकतील, एवढं काय? इथे कायदा माहीत असल्याशिवाय सिनेमाचा उत्तरार्ध लटका वाटतो. ७ एप्रिल १९३५च्या फर्मानाने सोव्हिएत संघात चोरी, मारहाण, खून अशा गुन्ह्यांसाठी बाराव्या वर्षापासून फौजदारी जबाबदारी लागू झाली होती. १० डिसेंबर १९४० रोजी आणखी एक फर्मान निघालं, ते खास रेल्वेसाठी. रूळ सैल करणं, रुळांवर वस्तू ठेवणं, गाडी घसरू शकेल असं काहीही करणं, याला पुन्हा बारा वर्षांपासून खटला. आणि ४ जून १९४७ला, म्हणजे सिनेमातल्याच वर्षी, सरकारी मालाच्या चोरीला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आली. टोळीने केली वा पुन्हा केली तर पंचवीसपर्यंत. तेव्हा वालेर्काचं वय त्याची ढाल नाही. पोर असल्याची सूट मिळण्याचं वय त्याने नेमकं ओलांडलंय. सिनेमा यातलं एक कलमही सांगत नाही. सुचानमध्ये राहणाऱ्या पोराला ते हवेतूनच कळलेलं असणार. रोज कैद्यांच्या रांगा बघणाऱ्याला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

याच संदर्भात आणखी एक प्रसंग नीट बघा, नाहीतर तो निव्वळ सनसनाटी वाटेल. एक कैदी मुलगी, स्वतःच जेमतेम पोर, आपल्याला गरोदर कर म्हणून गयावया करते. कारण सरळ आहे. गरोदर बाईला सोडतात. जुलै १९४५च्या सर्वसाधारण माफीत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या आया खरोखरच सुटल्या होत्या, आणि छावण्यांतून ती आशा पुढे जिवंत राहिली. सुटण्यासाठी तिच्याकडे स्वतःचं शरीर एवढंच तिकीट आहे. वालेर्का हे सगळं बघत वाढतोय. कॅमेरामन व्लादिमीर ब्रिल्याकोव मुलांच्या बाजूने, त्यांच्याबरोबर चालत हे टिपतो. मोठ्यांची कामं कडेकडेने, अर्धवट, दारातून दिसतात, जशी पोरांना दिसतात तशीच.

व्लादिवोस्तोकला पोचल्यावर तो चोरांच्या टोळीत सामील होतो. सिनेमाचा हा भाग कच्चा आहे, आणि तो कच्चा का आहे हे सांगता येतं. सुचानमध्ये प्रत्येक माणसाला पोट, खोली आणि खोड होती. एकदाच दिसणारा माणूससुद्धा लक्षात राहत होता. टोळीतल्या चोरांना फक्त काम आहे. ते घाबरवतात, दरोडा घालतात, पाठलाग करतात. सराफाकडच्या दरोड्याचा प्रकार घाईत उरकलाय. शिवाय शहर म्हणून व्लादिवोस्तोक जाणवतच नाही. बंदराचं गाव आहे हे समजून घ्यावं लागतं. पहिल्या तासात दिग्दर्शक आठवणीतून उचलत होता, इथे तो कथानक ओढतोय, हा फरक प्रेक्षकाच्या मांड्यांना कळतो. चुळबूळ सुरू होते.

ती थांबवते गालिया. त्याला शोधत ती थेट तिथे येते. घरी चल म्हणते. परतीच्या वाटेवर दोघं रुळांच्या कडेने चालतात, गाणी म्हणतात, भांडतात. बाजारात चहावरून भांडली होती तशीच. संपूर्ण सिनेमात पोरं पोरांसारखी वागतात असा सगळ्यात लांब पट्टा हाच, आणि तो येतो पार शेवटाकडे, धोका पाठीवर असताना. द्रुकारोवाचं काम इथे नाझारोवच्या चार पावलं पुढे आहे, हे कबूल करायला हवं. तो पडद्यावर जगतो. ती जगता जगता त्याच्यावर नजरही ठेवते, आणि ते करताना दिसत नाही. तक्रार एकच. लेखकाने तिला फारच शहाणी केलीय. दर वेळी योग्य जागी, योग्य वेळी, योग्य सल्ला घेऊन हजर. एखादी चूक तिच्याही पदरात टाकली असती तर ती रखवालदार देवदूत न होता मुलगीच राहिली असती. विष-अमृतातही दर वेळी अमृत देणारा एकच गडी असला की खेळ त्याच्या जिवावर उठतो. पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही. शेवटची पाच मिनिटं वाचून कळण्यातली नाहीत.

हा सिनेमा मुलांचा आहे, मुलांसाठी नाही. नग्नता आहे, हिंसा आहे, शिव्या तर अखंड. शाळेच्या फिल्म क्लबमध्ये ‘बालपणावरचा जागतिक सिनेमा’ म्हणून लावायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो काढून टाकावा. कॉलेजात चालेल, पण वर सांगितलेलं १९४७ सालचं पाच मिनिटांचं प्रास्ताविक आधी करा. कथानक सांगू नका, काळ सांगा. प्रत मिळवताना लांबी तपासा. १०५ मिनिटांपेक्षा बरीच कमी दिसली तर बहुधा कुठेतरी कात्री लागलीय. चित्र करडं, मातकट असणं साहजिक आहे, त्यात दोष नाही. पण पडद्याचा चौकोनी आकार ताणून आडवा केलेला असेल तर ती प्रत परत करा. चेहरे रुंद होतात आणि नाझारोवचा उपाशी चेहरा भरलेला दिसायला लागतो. या सिनेमाचं त्याहून मोठं नुकसान नाही. हेडफोनपेक्षा स्पीकर बरे. संवाद एकमेकांवर चढलेले आहेत, मागून कोणी गातंय, कोणी खाकरतंय, आणि हा गोंगाट खोलीत पसरला तरच बराकीसारखा वाटतो.

दुसरा सिनेमा ‘समस्तायातेल्नाया झीज़्न’, म्हणजे स्वतंत्र आयुष्य, १९९२चा. तोच वालेर्का, आता वयात आलेला, तोच नाझारोव. द्रुकारोवाही आहे, पण वेगळ्या भूमिकेत, गालियाच्या बहिणीच्या. कान महोत्सवात या सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं, स्पेनचा दिग्दर्शक व्हिक्टर एरिसे याच्याबरोबर विभागून. पुरस्काराच्या दृष्टीने हा पहिल्याच्या पुढे गेला, पण सिनेमा म्हणून नाही. पहिल्यात गलिच्छपणा पोराच्या वाटेत येत होता. इथे तो मुद्दाम आणून मांडल्यासारखा वाटतो. वालेर्का एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी कुजलेलं वाट बघत असतं. एक गोष्ट मात्र याच्या पदरात टाकायला हवी. पोरगं सुटलं, वाचलं, आता त्याचं भलं होईल, ही प्रेक्षकाची सोयीची समजूत तो मोडतो. वेळ असेल तर बघा. नसेल तर सरळ तिसऱ्याकडे जा.

तिसरा माहितीपट आहे, फ्रेंच पैशातून १९९४च्या सुमारास आलेला. नावाचा मराठी अर्थ ‘आम्ही, विसाव्या शतकातली मुलं’. लांबी ८४ मिनिटं. सोव्हिएत संघ गेलाय, लेनिनग्राद पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालंय, आणि रस्त्यावर पोरंच पोरं. कानेव्स्की त्यांच्यात बसतो आणि विचारत जातो: काय खाता, कुठे झोपता, काय चोरता. आधी छोटी, सिगारेट ओढणारी, फुशारक्या मारणारी. मग त्यांच्याहून मोठी. मग बालगुन्हेगारांच्या वसाहती, ज्यांना तिथल्या बोलीत ‘मालोलेत्का’ म्हणतात. माहितीपटाची रचना जिना उतरावा तशी आहे. दर पायरीवर मुलाचं वय थोडं वाढतं आणि गुन्हा पुष्कळ वाढतो. निवेदन नाही, आकडे नाहीत, समाजशास्त्रज्ञाची मुलाखत नाही. फक्त त्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न विचारण्याची त्याची तऱ्हा मुद्दाम बघण्यासारखी आहे. तो पोरांना ‘बाळा’ म्हणत नाही आणि पोलिसासारखं दरडावतही नाही. आठ वर्षं आत काढलेला माणूस आतल्यांशी ज्या सुरात बोलेल, तो हा सूर. त्यामुळे पोरं त्याच्यासमोर खोटं बोलतात तेव्हाही सैलपणे बोलतात, आणि खऱ्याचा अंदाज तुम्हाला त्या खोट्यातूनच लागतो. फुशारकी मारणारा पोरगा पुढचा प्रश्न साधा आला की गडबडतो. ‘काय चोरलंस’ याला उत्तर तयार असतं, ‘आई कुठे आहे’ याला नसतं. कानेव्स्की अशा जागी कट मारत नाही. तो थांबतो. मुलाखती घेणाऱ्या नवशिक्यांनी एवढीच एक गोष्ट शिकून घेतली तरी पुष्कळ झालं. उत्तर संपल्यावर मनात पाच अंक मोजायचे, आणि मगच पुढचं विचारायचं. खरं उत्तर त्या पाच अंकांत येतं. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. कॅमेरा लावून अल्पवयीन मुलांकडून गुन्ह्यांच्या कबुल्या घ्यायच्या, चेहरे न झाकता, हे आज कोणी करू देणार नाही आणि करूही नये. काही जागी दिग्दर्शक पोराला चिथावतोय असं वाटतं. ते वाटणं बरोबर आहे.

आणि मग, जिन्याच्या बऱ्याच खालच्या पायरीवर, तो एका तुरुंगात पोचतो आणि समोर येतो पावेल नाझारोव. वालेर्का. सराफाच्या दरोड्यात खोटा सापडलेला, आता खरा सापडलेला. पहिला सिनेमा आधी बघितला नसेल तर इथे काहीच घडत नाही. आणखी एक कैदी पोरगा येतो आणि जातो. बघितला असेल तर खुर्चीत सरळ बसणं कठीण होतं. चेहरा तोच, रुंदावलेला. हसतो तेव्हा बाजारात चहा विकणारा दिसतो, हसू ओसरलं की दिसत नाही. दिग्दर्शक त्याच्याशी जुन्या ओळखीने बोलतो. ती ओळख दोघांनाही जड जातेय, हे लपत नाही. या पोराला रस्त्यावरून उचलून कानपर्यंत नेलं आणि नंतर? हा प्रश्न माहितीपटात कोणी मोठ्याने विचारत नाही. पण कॅमेऱ्यामागच्या माणसाने तो स्वतःला विचारलेला असणार, नाहीतर त्याने हे चित्रण ठेवलंच नसतं.

द्रुकारोवा इथे येते. पहिल्या सिनेमात गालिया जशी व्लादिवोस्तोकला आली होती, तशीच. तेव्हा तिच्याजवळ ‘घरी चल’ म्हणायची सोय होती. इथे भेटीची वेळ संपली की ती बाहेर आणि तो आत. दोघांचं बोलणं अगदी साधं आहे, अवघडलेलं आहे, मधेच हसण्यावारी जाणारं. मुद्दाम रडवायला हा प्रसंग कापलेला नाही, हे फार बरं केलंय. पुढे द्रुकारोवा फ्रान्सला गेली, तिथे अभिनेत्री म्हणून उभी राहिली, २००३च्या ‘सिन्स ओटार लेफ्ट’मध्ये तिला पुष्कळांनी पाहिलं, आणि २०२२ मध्ये ‘ग्राँ मारँ’ हा स्वतःचा सिनेमाही तिने केला. माहितीपट बघताना हे आपल्याला माहीत असतं, त्या खोलीतल्या तिघांना नसतं.

हे तिन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. फिल्म सोसायटीत लावायचे असतील तर पहिला आणि तिसरा जोडीने लावा, दुसऱ्याचा आठवडाभराने वेगळा खेळ ठेवा. पहिल्याला मध्यंतर देऊ नये. सभासद ऐकतच नसतील तर गाडी घसरल्यानंतर, वालेर्का पळाल्यावर द्या, त्याआधी नाही. शाळेच्या प्रसंगापाशी मध्यंतर दिलंत तर लोक हसत बाहेर जातात आणि परत हसण्याच्याच तयारीने येतात. दोन्हींची मिळून १८९ मिनिटं होतात. मधे वीस मिनिटं चहाला धरली तर साडेतीन तास. संध्याकाळी साडेपाचला सुरू केलंत तर नऊला दिवे लागतील. चर्चा त्याच रात्री ठेवू नका. कोणी बोलत नाही, आणि जो बोलतो तो सोव्हिएत राजकारणावर बोलतो.